भिंत कोणती?

परवा आमच्या सोसायटीतल्या देशमुखबाईंच्या नातीच्या चित्राला बक्षीस मिळालं. त्याला फ्रेम करायची होती. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर, म्हणून बाईंनी मला सोबत नेलं. अमरावतीत फ्रेमचं एक नवं दुकान निघालंय. एसी आहे, सोफा आहे, आत गेलं की सेंटचा वास येतो. काउंटरवरच्या बाईनं चित्राला टेप लावला, मोबाईलवर चार आकडे दाबले आणि अर्ध्या मिनिटात रक्कम सांगून मोकळी झाली. देशमुखबाई म्हणाल्या, "अगं बाई, किती पटकन!" मला मात्र का कोण जाणे, भयंकर राग आला. मी तिला विचारलं, "हे लावणार कुठे, ते नाही विचारलं तुम्ही?" ती हसून म्हणाली, "सर, ते तर तुमचं तुम्ही बघाल ना."

तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो आणि डोळ्यांत पाणीच आलं. अकोल्याच्या फ्रेमवाल्या हमीदचाचांना जाऊन आता वर्ष होत आलं. आठवण यायला माणसाला जागा काय मिळते बघा, चकचकीत दुकानाची पायरी आणि समोर पार्किंगची भांडणं! देशमुखबाईंनी विचारलं तर मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

अकोल्याला मी एकोणतीस वर्षं मास्तरकी केली. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलं, की बाजार संपता संपता एक बोळ लागायचा. त्या बोळात चाचांचं दुकान होतं. रुंदी इतकी, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं बाहेर उभं राहावं. भिंतीला टेकवून पट्ट्या उभ्या केलेल्या असायच्या, सोनेरी, काळ्या, सागाच्या, आणि त्या पट्ट्यांच्या जंगलात एका स्टुलावर चाचा. उंच, काटकुळा माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. छातीच्या खिशात घडीचा लाकडी फूट. कानावर पेन्सिल ठेवायचे आणि मग दिवसभर पेन्सिल शोधायचे. गिऱ्हाइकानंच सांगावं लागे, "चाचा, कानावर आहे." मग म्हणायचे, "हाव बाप्पा, तिची जागाच ते हाये."

तुम्ही चित्र पुढे केलं, की हा माणूस चित्राकडे बघायचाच नाही. तुमच्याकडे बघायचा आणि विचारायचा, "भिंत कोनती?"

"हॉलमध्ये लावायचंय."

"हॉलले चार भिंती असतेत. कोनती?"

लोक वैतागायचे. फ्रेमचा भाव विचारायला आलोय की वास्तू बघायला, असं तोंड करायचे. पण भिंत सांगितल्याशिवाय चाचांच्या तोंडून आकडा निघत नसे. पश्चिमेची भिंत म्हटलं की मान हलवायचे. "नका लावू. अकोल्याचं ऊन आहे हे. दोन उनाळ्यात तुमचा फोटो पांढरा पडून जाईन, मंग मले शिव्या देसान." न्हाणीला लागून असलेली भिंत असेल तर पाठीमागचा पुठ्ठा वेगळा. स्वयंपाकघराची असेल तर काच पुसायला सोपी, म्हणून पट्टी साधी, नक्षी नको, नक्षीत तेलकट काजळी बसते. भिंत उंच आणि मोकळी असेल तर चित्राभोवती माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कोरी चौकट, रुंद. एकदा का भिंत ठरली, की मग फूट उघडायचे आणि मोजता मोजता स्वतःशीच पुटपुटायचे. लांबी, रुंदी, दोन्हीची दुप्पट, वरून आठ पट्ट्यांची रुंदी कोपऱ्यांची. मग काच, मग पुठ्ठा, मग खिळे आणि मेहनत. आकडा सांगितला, की तो शेवटचा. घासाघीस केली तर भांडायचे नाहीत, नुसते फूट मिटून खिशात टाकायचे.

हे आठ पट्ट्यांचं गणित मला माझ्या फजितीतून कळलं. शाळेच्या गॅदरिंगला मुलांच्या बारा चित्रांचं प्रदर्शन करायचं होतं. मी स्वतःला मोठा हुशार समजायचो. पट्टीचा फुटाचा भाव विचारून आलो, चित्रांचा घेर मोजला, गुणाकार केला, काच धरली आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन टाकली. मुख्याध्यापक असे, की एकदा सही झाली की वर एक रुपया मिळायचा नाही. ऐटीत चाचांकडे गेलो आणि कागद पुढे केला. चाचांनी तो वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "सर, याच्यात कोपरे कुठी आहेत?"

"कोपरे म्हणजे?"

त्यांनी पट्टीचा एक तुकडा घेतला, करवतीनं तिरपा कापला. लाकडाचा तिकोन खाली पडला. तो उचलून माझ्या हातावर ठेवला. "हे पाहा. प्रत्येक कोपऱ्यात असे दोन जातेत. फ्रेमीत दिसत नाई, पन पैसे घेऊन जातेत. अठ्ठेचाळीस कोपरे आहेत तुमचे. कोनाच्या बापाचं लाकूड आहे, सर?"

माझा चेहरा पडला. प्रदर्शन चार दिवसांवर, मुलांनी घरी सांगून ठेवलेलं. मी म्हटलं, "मग आता काय करू? अर्धी चित्रं काढून टाकू?"

"काहून? मुलायचं काय चुकलं?" बराच वेळ ते बारा चित्रं टेबलावर सरकवत बसले. शेवटी तीन-तीन चित्रं एका ओळीत लावली. "बारा फ्रेमी नाई, चार करू. अठ्ठेचाळीसचे सोळाच कोपरे झाले. तुमच्या कागदात बसते." आणि बसलं! वर माउंटचा एक तुकडा उरला, तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुढच्या खेपेले घेर नका मोजू, पैले कोपरे मोजा." मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दुकानाचा संध्याकाळचं गिऱ्हाईक झालो, काही फ्रेम करायचं नसलं तरी. बायको गेल्यापासून मला संध्याकाळी घरी जायची घाई नसे. ते मला चहा सांगायचे आणि बोलायचे नाहीत. मीही बोलायचो नाही. असं बरं चालायचं आमचं.

त्यांचा बहुतेक धंदा मेलेल्या माणसांवर होता. कुणी गेलं, की तेरवीच्या आत फोटो लागतो. लोक रडून सुजलेल्या डोळ्यांनी फोटो घेऊन यायचे. चाचा अशा फ्रेमीला वर एक इंच जादा ठेवायचे आणि दोन कोपऱ्यांना हार अडकवायला बारीक आकडे लावायचे, म्हणजे हाराचं पाणी फोटोत उतरत नाही. याचे ते जादा पैसे घेत नसत. पण विचारावं लागायचं, "हार चढते का?" हे विचारताना आवाज अगदी खाली न्यायचे. ते तसं का, हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथे हजर होतो.

तिवस्याकडचा एक माणूस वडिलांचा फोटो घेऊन आला होता. गाडीच्या प्रवासानं थकलेला, डोळे लाल. चाचांनी तोंड बघितलं आणि काही विचारलंच नाही. जादा इंच ठेवला, आकडे लावले, एवढंच नाही, शेजारच्या पेंटरकडून खाली नाव टाकून घेतलं, नावाआधी सुंदर अक्षरांत 'कै.' आठ दिवसांनी फ्रेम घ्यायला मुलगा आला नाही, धोतर नेसलेला, काठी टेकत एक म्हातारा आला. पंच्याहत्तरीचा कार्यक्रम होता त्यांचा, मुलाला वेळ नव्हता म्हणून सत्कारमूर्ती स्वतःच आले होते! चाचांनी फ्रेम पुढे केली आणि त्याच क्षणी दोघांनाही कळलं.  चाचांच्या हातातली दोरी गळून पडली.

म्हाताऱ्यानं फ्रेम हातभर लांब धरली, निरखून बघितली. "अजी, मी कधी मेलो?"

"माफ करा बाबा. भल्ली मोठी गलती झाली. आत्ताच्या आत्ता दुसरी करून देतो."

"कायले? फ्रेम चांगली बनवली. फोटोत मी बराच दिसून राहिलो." आणि थोडं थांबून, "त्या 'कै.'वर तेवढा एक कागद चिकटवा. लागन तवा काढून घेतीन पोरं."

मी हसून हसून वाकलो. म्हाताराही हसला. चाचा मात्र हसले नाहीत. 'कै.'वर कागद चिकटवून त्यांनी फ्रेम बांधून दिली. म्हातारा गेल्यावर म्हणाले, "जित्या माणसाले मी मारून टाकलं, सर. एक सवाल इचारला असता तर काय झालं असतं?"

दुकानाच्या मागच्या भिंतीवर सतरा फोटो होते. ते चाचांचे कोणीच नव्हते. लोकांनी करायला दिले आणि न्यायला आले नाहीत. कोणी गाव सोडलं, कोणाच्या घरात वाटण्या झाल्या, कोणी विसरलं. चाचा त्यांना 'पाव्हणे' म्हणायचे. शुक्रवारी नमाजहून आले, की एकेकाची काच पुसायचे आणि म्हणायचे, "बसा बाप्पा, येईन कोनी." सतरा अनोळखी मेलेली माणसं आणि एक जिता, अशी ती बैठक. स्वतःच्या घरात मात्र त्यांच्याकडे एकही फोटो नव्हता. त्यांची बायको जैबुन. तिला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. "आधार कार्डावर आहे एक," चाचा म्हणायचे, "पन त्याच्यात ते जैबुन नाई, दुसरीच कोनी बाई आहे."

जैबुनचं एकच काही त्यांच्याजवळ होतं, आणि ते दुकानात, सागाच्या पट्ट्यांमागे, पुठ्ठ्याच्या खोक्यात असायचं. पांढऱ्या कापडावर भरतकाम. एक वेल खालून वर चढत गेलेली, लाल फुलं, हिरवी पानं. वरचं शेवटचं पान अर्धं भरलेलं आणि त्यात सुई तशीच खोचलेली, हिरव्या दोऱ्यासकट. पोटात दुखतं म्हणून ती दवाखान्यात गेली, जाताना म्हणाली, आल्यावर पान पुरं करते. आली नाही.

त्याला फ्रेम करायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. पण सुई होती ना. साध्या फ्रेमीत काच कापडाला चिकटून बसते. सुईवर काच दाबली तर तडकणार. सुई काढावी, तर, त्यांच्याच शब्दांत, "मंग ते पान पुरं झाल्यासारखं होते." म्हणजे खोल डब्ब्यासारखी फ्रेम हवी, काच कापडापासून बोटभर दूर. तेवढी खोल पट्टी बाजारात मिळत नाही, दोन पट्ट्या एकमेकींवर चढवाव्या लागतात. दरवर्षी पट्टीचे भाव बदलले, की चाचा ते खोकं काढायचे आणि नव्यानं अंदाज लावायचे. जगभराचा आकडा उभ्या उभ्या सांगणारा हा माणूस, पण इथं एक कागद भरला, दुसरा भरला, तरी आकडा येईना. कधी म्हणायचे साग महाग झाला. कधी म्हणायचे काच चांगली नाही आली. मग खोकं परत पट्ट्यांमागे.

एका संध्याकाळी मी बोलून गेलो. आजही माझी जीभ हासडावीशी वाटते. म्हटलं, "अहो चाचा, सुई काढा ना एकदाची. किती वर्षं ते एकच गणित?"

त्यांनी फूट मिटला, खिशात टाकला. त्यानंतर मी तीन महिने त्या बोळात गेलो नाही. शरम वाटत होती म्हणा, आणि थोडा अहंकारही. शेवटी एक दिवस गेलो तर त्यांनी नेहमीसारखा चहा सांगितला. त्या विषयाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मग मी निवृत्त झालो आणि अमरावतीला आलो. मुलगी पुण्याला, तिनं फोनवरूनच फ्लॅटचे रंग ठरवले, सगळं पांढरं. बैठकीत उत्तरेची एक लांब भिंत निघाली. मी चाचांना फोन करून सांगितलं, कारण आणखी कोणाला त्यात रस असणार? त्यांनी सगळं विचारून घेतलं. ऊन? येत नाही. ओल? नाही. पलीकडे काय? जिना. "भल्ली चांगली भिंत आहे, सर. काय लावता?" मी म्हटलं, "बघू. स्वतः एखादं चित्र काढीन म्हणतो." एकोणतीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, पण फ्रेम करावं असं माझ्या हातून काही निघालं नाही. भिंत तशीच राहिली. संध्याकाळी मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो आणि टीव्ही दुसऱ्या भिंतीवर चालू असायचा.

चाचांचा एक नियम होता. फ्रेम झाली, की चारही कोपरे बल्बसमोर धरायचे. कोपऱ्यातून उजेडाची रेघ दिसली, तर फ्रेम मोडून परत करायची. "कोपऱ्यातून उजेड दिसला त्या दिवशी दुकान बंद," असं ते गमतीनं म्हणायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नजर पुरती आली नाही. एक दिवस त्यांचा फोन आला. "सर, उजेड दिसून राहिला."  म्हणाले, चार वेळा मोडून केली, चारही वेळा दिसला.

दुकान आवरायला त्यांनी महिना घेतला. पाव्हण्यांना घेऊन घरोघर हिंडले. अकरा जणांची घरं सापडली. उरलेल्या सहांचे फोटो फ्रेमीतून काढून एका पाकिटात घेतले. अंजनगाव सुर्जीला मुलीकडे राहायला जायचं होतं. जावई सालस, पण घर दोन खोल्यांचं. एका भिंतीला मांडणी, दुसरीला बारदान्यात भरलेला माल, बाकी टिन. "टिनाले खिळा ठोकला तर बाहेर निघते, सर," ते म्हणाले. खोक्यातल्या सुईला गंज चढू लागला होता आणि कापडावर एक तांबूस ठिपका पडला होता. आता थांबलं तर कापडच जाणार होतं.

एका दुपारी माझी बेल वाजली. दारात चाचा. एसटीनं आले होते, काखेत चादरीत गुंडाळलेली चौकोनी वस्तू, खिशात हातोडी. पाणीसुद्धा न पिता ते आत आले आणि थेट उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहिले. हात फिरवला. बोटानं ठोकून बघितलं. मग चादर सोडली.

खोल सागाची फ्रेम. आत जैबुनची वेल. सुईला मेण लावलेलं, अर्धं पान जसंच्या तसं.

"सर, मुलीकडे जागा नाई," ते म्हणाले. "पेटीत ठेवलं तर घडी पडन, सुई मोडन. तुमची भिंत रिकामी आहे. आहे का अजून?"

मी मान हलवली. 

खुर्चीवर चढून त्यांनी खिळा ठोकला. बाटलीत थोडं पाणी घेतलं, बाटली फ्रेमीवर आडवी ठेवली, पाणी सरळ दिसेपर्यंत फ्रेम हलवत राहिले. मग खाली उतरून म्हणाले, "वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजेड येते. मले दिसते. मी नाई मोडली. पुन्हा मोडली असती तं झालीच नसती." आणि मग खिशातून फूट काढून, उघडून, परत मिटत, अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाले, "आता भिंतीचं सांगा. किती घेसान?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींचा हिशोब लावणारा माणूस माझ्या भिंतीचा भाव विचारत होता. मला रडूच फुटलं. तोंडावर रुमाल धरून मी म्हटलं, "दर महिन्याला येऊन काच पुसून जायची. त्याच्याखाली परवडत नाही मला."

त्यांनी विचार केला. घासाघीस केली नाही. "बसते," म्हणाले.

ते सात वेळा आले. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, अंजनगावहून सकाळच्या गाडीनं. काच पुसायचे, माझ्याबरोबर जेवायचे, खुर्चीत बसून बराच वेळ बघायचे आणि चारच्या गाडीला जायचे. आम्ही पूर्वीसारखेच बोलायचो नाही. पण मी गुरुवारी दोन भाज्या करायचो आणि बुधवारी रात्री मला छान झोप लागायची, हे कबूल करायला आता काय हरकत आहे? आठव्या गुरुवारी बेल वाजली नाही. शनिवारी त्यांच्या मुलीचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. भरतकाम परत पाठवू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नको सर. अब्बू म्हणत होते, भिंत चांगली आहे."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सातव्या गुरुवारी. पाऊस नुकताच सरला होता, हवेत गारवा होता. चाचांनी पाणी घेतलं नाही, फडकं घेतलं नाही. काचेजवळ तोंड नेलं आणि 'हाः' करून श्वास सोडला. काचेवर वाफ धरली. वेल, फुलं, सुई, सगळं दिसेनासं झालं. ते तसेच थांबले, नाक काचेपासून बोटभर दूर. मग सदऱ्याच्या बाहीनं हळूहळू पुसायला लागले, खालून वर, वेल चढते तसं. शेवटचं ते अर्धं पान मोकळं झालं, तेव्हा त्यांनी बाही खाली केली. दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि परत वळून आले. वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी एक डाग राहिला होता. तो अंगठ्यानं पुसला आणि चारची गाडी गाठायला निघून गेले.